पत्र्याच्या डब्यातून जामखेडपर्यंत

आमची छोटी गाडी जामखेडला सोडून मी एसटीने परत आले, त्याला आता महिना होत आला. पुण्याची माणसं नगर जिल्ह्यात जातात ती शिर्डीला आणि शिंगणापूरला. त्या रस्त्यांना न लागता नगरहून सरळ पूर्वेला गेलं की करंजीचा घाट लागतो, मग तिसगाव, मग पाथर्डी, आणि तिथून डोंगरातल्या रस्त्याने उतरत जामखेडपर्यंत जाता येतं. तिकडे बघण्यासारखं काही नाही, असं लोक म्हणतात. माझं लहानपण तिकडे गेलं, त्यामुळे मला ते कधी पटलं नाही.

निमित्त झालं केतकीच्या कोपराचं. केतकी माझी मुलगी. ती जनावरांची डॉक्टर आहे आणि गेल्या वर्षी तिची नेमणूक जामखेड तालुक्यात झाली. वस्त्यांवर ती स्कूटीने जायची. पावसाळ्याच्या शेवटी एका वळणावर खडीवरून स्कूटी घसरली आणि तिचं कोपर फुटलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, आपली छोटी गाडी मला दे."

ही गाडी आम्ही घेतली तेव्हा केतकी चौथीत होती. आठशे सीसीची, फिकट निळी, काचा हँडल फिरवून खालीवर करायच्या. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि या गाडीवरच चालवायला शिकले. त्या आधी मला साधी लुनाही येत नव्हती. केतकीला शाळेत सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, मंडईत तर माझी गाडी दोन रिक्षांच्या मधे मावायची आणि मोठ्या गाडीवाले गोल गोल फिरत राहायचे. पुढे श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोठी गाडी घेतली. मी मात्र छोटीच चालवत राहिले. पंधरा वर्षं झाल्यावर तिचं पासिंग पुन्हा करून घेतलं, तेव्हा तिथला माणूस माझ्याकडे बघून हसला होता.

केतकीला मी लगेच हो म्हटलं आणि मग दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नगरला सावेडीत राहतो. विमा कंपन्यांसाठी तो सर्व्हेअरचं काम करायचा. अपघात झाला की जाऊन गाडी बघायची, काय मोडलं, किती मोडलं ते लिहायचं. आयुष्यभर त्याने मोडलेल्याच गाड्या बघितल्या. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "तो पत्र्याचा डबा आहे. पोरीला त्यात बसवू नकोस."

बराच वाद झाला. मी म्हटलं, स्कूटीपेक्षा तर बरी. तो म्हणाला, तुलना स्कूटीशी नाही करायची, समोरून येणाऱ्या ट्रकशी करायची. शेवटी असं ठरलं की मी गाडी घेऊन नगरला यायचं, तिथून तो माझ्याबरोबर जामखेडला येणार आणि केतकीला समोरासमोर बसून सांगणार की ही गाडी नको, एअरबॅगवाली मोठी गाडी घे. म्हणजे मी गाडी द्यायला निघाले होते आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसणारा माणूस ती देऊ नये म्हणून निघाला होता.

नगरपर्यंत

दिवाळी होऊन गेली होती. डिकीत फराळाचे डबे, केतकीची पुस्तकं आणि तिने मागवलेली एक उशी, एवढ्यावरच डिकी भरली. श्रीकांत खाली सोडायला आला. त्याने चारही टायरांना पायाने दाबून पाहिलं आणि वर गेला.

वाघोली सुटेपर्यंत ही गाडी म्हणजे सुख आहे. गर्दीतून वाट काढते, पटकन वळते, पेट्रोल कमी पिते. शिरूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दादाचं म्हणणं मला पटायला लागलं. शेजारून कंटेनर गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागतं. आरशात बघावं तर मागच्या गाडीची फक्त जाळी दिसते. पूर्वी याच रस्त्याने याच गाडीतून मी किती वेळा गेले, तेव्हा हे जाणवलं नव्हतं. रस्ता रुंद झाला, गाड्या मोठ्या झाल्या, वेग वाढला, आणि माझी गाडी आहे तेवढीच राहिली.

राळेगणसिद्धीकडे वळणारा फाटा दिसला तेव्हा केतकीची आठवण आली. सहावीत असताना तिच्या वर्गाला गावावर प्रकल्प लिहायचा होता, म्हणून बंधारे दाखवायला मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना याच गाडीतून तिकडे नेलं होतं. मागच्या सीटवर चौघी, पुढे एक. बंधारे त्यांनी किती पाहिले ठाऊक नाही, पण एका गोठ्यात नुकतं झालेलं वासरू होतं, त्याच्यापुढून केतकी हलायला तयार नव्हती. आज विचार केला तर अंगावर काटा येतो. पाच मुली, एकीलाही पट्टा नाही, आणि मी गाणी म्हणत गाडी चालवत होते.

नगरला दादा दारातच उभा होता. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलं आहे, आमच्या दोघांच्या तोंडात अजून नगरच येतं. वहिनींनी जेवायला थांबवलं. जेवण झाल्यावर दादा गाडीपाशी गेला, वाकून खालून बघितलं, दार दोनदा उघडून लावलं, बॉनेटवर बोटाने टकटक केलं. नोकरीतली सवय. नंतर पुढच्या सीटवर बसला तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. तो सहा फूट उंच आहे. सीट पूर्ण मागे सरकवूनही टेकतच राहिले.

करंजी आणि तिसगाव

आमचे वडील बांधकाम खात्यात होते. करंजीच्या घाटाची डागडुजी त्यांच्याकडे असायची, म्हणून आम्ही तिसगावात भाड्याने राहायचो. घाटात दरड आली की वडील जीपमधून जायचे आणि रात्री चिखलाने माखून यायचे. तेव्हाचा घाट अरुंद होता. एसटी वळणावर आली की कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारायचा.

आता घाट चांगलाच रुंद झाला आहे. पण चढ तो चढच. माझ्या गाडीचा एसी चालू असला की ती चढाला दमते, म्हणून एसी बंद करून काचा खाली केल्या. बाहेरून वाळल्या गवताचा वास आला.  एका वळणावर तो म्हणाला, इथे खाली एकदा अशीच छोटी गाडी गेली होती, मी बघायला आलो होतो.

मी विचारलं नाही तरी त्याने सांगितलं. फार काही सांगितलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं त्याला रात्री झोप यायची नाही, हे मला माहीत होतं, कारण आईने मला पत्रातून कळवलं होतं. पण कशामुळे ते माहीत नव्हतं. मला वाटायचं रक्त बघून होत असेल. तो म्हणाला की तो पोचेपर्यंत तसलं काही उरलेलं नसायचं, गाडीत फक्त वस्तू असायच्या. देवाच्या प्रसादाची पुडी, अर्धा खाल्लेला पेरू, चपला, लहान मुलाचा एक मोजा.

"पत्रा किती आत आला ते मी लिहायचो," तो म्हणाला. "चपला लिहायला रकाना नव्हता."

मी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणली.  आम्ही वर पोचलो आणि पलीकडे उतरलो.

तिसगावात बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पालं, कांद्याचं रोप, दोर, विळे, खुरपी, गोडीशेवेच्या परातींवर घोंगावणाऱ्या माशा. पुण्यात आम्ही भाजी घेताना भाव विचारतो आणि पुढे जातो. इथे आधी तुम्ही कुठले, कुणाचे, हे विचारतात आणि मग भाव सांगतात. एका म्हातारीने आमच्या वडिलांचं नाव ओळखलं आणि मेथीच्या दोन जुड्यांवर तिसरी ठेवली.

आम्ही ज्यांच्या घरात राहायचो त्या घराच्या जागी आता स्लॅबची इमारत आहे. खाली बियाणांचं दुकान, वर बिऱ्हाड. मालकांची सून चंद्रकला वहिनी अजून आहेत. आम्ही लहान असताना त्या नव्या नवरी होत्या, आता केस पांढरे झालेत. दुकानाच्या पायरीवर बसून त्या शेंगा फोडत होत्या. दादाला बघून म्हणाल्या, "वसंता, किती रं वाळलास. खायला देत न्हाई का कुनी?"

मग जेवणच केलं त्यांनी. हुलग्याची शेंगोळी. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायची, वर तेल, बरोबर बाजरीची भाकरी. पुण्यात मी कितीदा केली, पण हुलगा तिथला नाही की हात त्यांचा नाही, ती चव आली नाही. दादाने तीनदा वाढून घेतली. दुपारी जेवून निघालेला माणूस.

बोलता बोलता डॉक्टरांच्या गाडीचा विषय निघाला. आमच्या लहानपणी अख्ख्या तिसगावात एकच मोटार होती, गावातल्या डॉक्टरांची. पाठीने गोल, कासवासारखी, इवलीशी. एकदा मढीच्या यात्रेला डॉक्टर आम्हा पोरांना तिच्यातून घेऊन गेले होते. आठ पोरं आणि डॉक्टर. दादा त्यांच्या मांडीवर बसला होता आणि त्यांनी त्याला स्टिअरिंग धरायला दिलं होतं. वहिनींना ते आठवत होतं. दादा म्हणाला, त्या दिवशीच मी ठरवलं की मोठेपणी गाड्यांचंच काही तरी करायचं.

"मग केलंस की," वहिनी म्हणाल्या.

दादा हसला, पण लगेच थांबला. मला वाटतं, त्याला वेगळं काही तरी करायचं होतं.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. वहिनी जाऊ द्यायला तयारच नव्हत्या.

माणिकदौंडीचा रस्ता

पाथर्डीहून जामखेडला जायला दुसरेही रस्ते आहेत. माणिकदौंडीवरून जायचं मीच ठरवलं. डोंगर, मधे मधे ज्वारीची हिरवी पट्टी, बाभळी, आणि मैलभर वस्ती नाही. वडील आम्हाला या रस्त्याने एकदा मोटारसायकलवरून घेऊन गेले होते, दादा टाकीवर आणि मी मागे. रस्ता आता डांबरी आहे, पण एका वेळी एकच मोठी गाडी नीट जाईल एवढाच.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे इकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांवर जाण्याचे दिवस. सकाळपासून समोरून ट्रॅक्टर येत होते. मागे दोन दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत चुलीची लाकडं, पत्रे, पाण्याचे ड्रम, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. अख्खं घर पुढच्या सहा महिन्यांसाठी निघालेलं. प्रत्येक वेळी मी गाडी कडेला घ्यायचे आणि मुलं वरून हात हलवायची. दादाही हात हलवायचा.

एका चढाच्या वळणावर असाच ट्रॅक्टर दिसला. मी वेग कमी केला, डावीकडे सरकले. तेवढ्यात ट्रॅक्टरच्या मागून एक मोठी पांढरी जीपगाडी त्याला ओलांडत बाहेर आली आणि सरळ माझ्यासमोर आली. तिला मागे जायला जागा नव्हती आणि मला थांबायला वेळ नव्हता. मी काय विचार केला असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डावीकडे साईडपट्टी, तिच्यापुढे उतार, आणि उतारावर बाभळीचं झाड. जीपगाडी आणि झाड यांच्यामधे जेवढी जागा होती, तेवढ्यातून आमची गाडी गेली. आधी उजवीकडचा आरसा तुटल्याचा आवाज आला. मग डावीकडे कर्रर्र असा लांबलचक आवाज झाला आणि गाडी चारीत नाक खुपसून थांबली.

जीपगाडी थांबली नाही.

मी दादाकडे पाहिलं. त्याच्या बाजूचं दार बाभळीने आत दाबलं होतं. अगदी आत. दाराचा पत्रा त्याच्या दंडाला लागला होता, आणि तो स्वतःच्या दंडाकडे असा बघत होता की जणू ते दुसऱ्या कुणाचं काम आहे आणि त्याला नोंद करायची आहे. मी त्याला हाक मारली. तो म्हणाला, ठीक आहे, हलतोय हात. मग माझा पाय थरथरायला लागला, तो थांबेना.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला होता. ट्रॉल्यांवरून माणसं उड्या मारून धावत आली. त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, मला बाहेर काढलं, दादाला माझ्या सीटवरून सरकवत बाहेर घेतलं. एका बाईने ड्रममधलं पाणी तांब्यात आणलं. माझ्याच वयाची असेल, किंवा उन्हाने तशी दिसत असेल.

"पानी प्या बाई," ती म्हणाली. "काय न्हाई झालं. आधी पानी प्या."

ती माझ्या शेजारी दगडावर बसली आणि माझा पाय थांबेपर्यंत तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचं नाव मी विचारलं, तर सखूबाई म्हणाली. मी कुठे निघाले ते तिने विचारलं. लेकीकडे, म्हटलं. तिची लेकही पुढच्या ट्रॉलीत होती, म्हणाली, जावयाबरोबर, यंदा पहिल्यांदाच तोडीला निघाली आहे. मी ट्रॉलीकडे पाहिलं. एक मुलगी ड्रमला धरून उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्या सगळ्या सामानाच्या वर, कशालाही न बांधलेली. सांगली किंवा कोल्हापूरपर्यंत ती तशीच जाणार होती. गाडीत एअरबॅग आहे की नाही यावर आम्ही बहीण-भाऊ फोनवर भांडलो होतो.

तोवर टोळीतल्या पुरुषांनी गाडीभोवती कडं केलं होतं. चारीतून ओढायला दोर लावायचा म्हणून मी म्हणतेय, तोच त्यांनी पुढून मागून हात घातले, एकाने हाळी दिली आणि गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. खाटलं उचलावं तशी. त्यांच्यातला एक म्हातारा दादाला म्हणाला, "बारकी हाय म्हनून निघाली बगा. मोटी असती तर जागाच नव्हती."

दादाने मान हलवली. तो म्हातारा दूर गेल्यावर मला म्हणाला, "मोठी असती तर दार आत आलं नसतं."

दोघांचंही खरं होतं. मला त्या वेळी कुणाशीच वाद घालायची ताकद नव्हती. मी डिकीतला फराळाचा मोठा डबा काढून सखूबाईच्या हातात दिला. तिने आधी नको म्हटलं, मग घेतला, आणि डबा रिकामा करून परत देण्यासाठी माणसांना ओंजळी पुढे करायला लावल्या. मी डबाही ठेवा म्हटलं, पण तिने तो पदराने पुसून माझ्याकडे दिला. आमच्याकडे परतीच्या डब्यात थोडी साखर घालतात. तिने त्यात दोन कांदे ठेवले होते.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. दादाचं दार उघडत नव्हतं. तो मागे बसला, सीटवर आडवा, पाय दुमडून, आणि आम्ही जामखेड गाठलं.

जामखेड

केतकी दवाखान्यातून घरी आली तेव्हा गाडी तिच्या खोलीपुढे उभी होती. तिने आधी दार बघितलं, मग आम्हाला. दादाचा दंड जांभळा झाला होता. तिने तो दाबून बघितला, बोटं हलवायला लावली, आणि जनावराला बोलावं तसं त्याला म्हणाली, "उगी, उगी, झालं." दादाला हसू आलं. मला मात्र रडू आलं, आणि माझ्या मुलीपुढे मी बऱ्याच वर्षांनी रडले.

मी ठरवूनच टाकलं होतं. तिला म्हटलं, ही गाडी तुला द्यायची नाही. मामा म्हणतो तेच बरोबर. मी दार बघितलं आहे.

दादाने तोंडही उघडलं नाही. मी त्याच्याकडे पाहत राहिले, कारण हे बोलायलाच तर तो इतक्या लांब आला होता. तो उठून अंगणात गेला. तिथे भिंतीला केतकीची स्कूटी टेकवलेली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. वाकलेलं हँडल, घासून पांढरी झालेली बाजू, तुटलेलं पायदान, सगळं त्याने हात लावून बघितलं. अंधार पडला तरी तो तिथेच होता. आत आला तेव्हा म्हणाला, उद्या बघू.

सकाळी केतकीला एका वस्तीवरून फोन आला. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी गाय अडली होती. वस्ती खर्ड्याच्या रस्त्याला होती, आत शेतातून जायचं. आम्ही तिघेही निघालो, केतकी चालवत होती. मुख्य रस्ता सोडल्यावर बांधावरून वाट होती. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला विहिरीचा कठडा. चाकं बांधाच्या दोन्ही कडांना लागून जात होती. केतकी सांगत होती की दवाखान्याची जीप इथे येत नाही, विहिरीपाशीच थांबवावी लागते आणि पुढे औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालावं लागतं. कोपर फुटल्यापासून तिला पेटी पेलत नाही, हे तिने आम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

गाय खाली बसली होती. मालक, बापूराव, आणि त्यांची बायको तिच्या तोंडापाशी. केतकीने बाही वर केली, हात आत घातला आणि डोळे मिटून चाचपलं. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. तिने तो सरळ केला, दोर बांधला, आणि मग तिचं कोपर साथ देईना. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, दोर धरा," ती म्हणाली. "मी सांगते तेव्हाच ओढा."

दादाने उजव्या हाताने धरला, डावा दंड सुजलेला होता. बापूरावांनी मागून त्याला धरलं. केतकी सांगायची तेव्हा ओढायचं, ती थांब म्हणाली की थांबायचं. मी गाईच्या कपाळावर हात ठेवून उभी होते, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. आणि मग एकदम सगळं सुटलं. दादा मागे पडला, बापूराव त्याच्याखाली, आणि त्या दोघांच्या पायांवर ओलं, काळं-पांढरं वासरू. केतकीने त्याचं नाक साफ केलं, काडीने नाकात गुदगुल्या केल्या. ते शिंकलं.

दादा तसाच मातीत बसून राहिला. आयुष्यभर सगळं होऊन गेल्यावर पोचणारा माणूस. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पुसत नव्हता, कारण दोन्ही हात बरबटलेले होते.

निघताना बापूरावांच्या बायकोने चिकाची बरणी दिली. पुण्यात आपण खरवस दुकानातून वडीवर विकत घेतो, जायफळ घातलेला. इथे चीक विकायची पद्धत नाही. तो देतात. बरणीचं झाकण सैल होतं, आणि बांधावरच्या पहिल्याच खड्ड्यात निम्मा चीक मागच्या सीटवर, म्हणजे माझ्या मांडीवर सांडला. उरलेल्याचा खरवस केतकीने गूळ घालून केला. तो दुकानातल्यापेक्षा चांगला झाला होता, हे मला कबूल करावंच लागलं.

खरवस खाता खाता दादा बोलला. आधी केतकीला विचारलं, आठवड्यात अशा वस्त्यांवर किती वेळा जावं लागतं. ती म्हणाली, रोजच. मग म्हणाला, "स्कूटी विकून टाक. गाडी ठेव. पण ही हायवेला न्यायची नाही. पुण्याला यायचं तर एसटीने यायचं. कबूल?"

केतकी म्हणाली, "कबूल."

"मागच्या सीटला पट्टे बसवून घ्यायचे. दार नवीन टाकायचं, ठोकून सरळ केलेलं चालणार नाही."

मी म्हटलं, दादा, तू तर नको म्हणून सांगायला आला होतास. तो म्हणाला की त्याचं मत बदललेलं नाही, हा पत्र्याचाच डबा आहे, मोठ्या रस्त्यावर तो कुणालाही वाचवणार नाही. "पण पोरगी जाते ते रस्ते तेवढेच आहेत," तो म्हणाला. "आणि ती जायची थांबणार नाही. माझ्या कामात अपघाताच्या आधी मला कुणी विचारत नव्हतं, इथे विचारतंय, तर जे आहे त्यातलं बरं ते सांगतो."

परत

जामखेडच्या स्टँडवर केतकी सोडायला आली, त्याच गाडीतून. किल्ली आता तिच्याकडे होती. मी उतरले आणि सवयीने दार नीट लागलं का ते ओढून पाहिलं. एवढी वर्षं ती गाडी माझी होती. माझ्या आयुष्यात मी एकटीने कुठे जाऊ शकते हे मला तिने दाखवलं. मी तिच्या टपावर हात ठेवला, पण स्टँडवर लोक बघत होते म्हणून लगेच काढला.

एसटीत दादा खिडकीशी बसला आणि नगर येईपर्यंत झोपला. त्याचे गुडघे पुढच्या बाकाला टेकले होते. नगरला उतरताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी भाऊबीजेला ओवाळून झालं की ठेवायचा तसा. पुढे मी एकटी.

आमच्या सोसायटीत माझ्या गाडीच्या जागेवर आता शेजाऱ्यांची मोठी गाडी लागते. ती रेषेच्या बाहेर येते. मी काही म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात केतकीचा फोन आला, दुपारची वेळ. मागे वाऱ्याचा आवाज होता. म्हणाली, एका वस्तीवर वासराचा पाय मोडला होता, पट्टी करायला दवाखान्यात आणावं लागलं, ते मागच्या सीटवर घालून आणलंय.

मी पहिला प्रश्न विचारला, "पट्टा लावलास का?"

"मी की वासराने?"

"दोघांनी."

ती हसली आणि म्हणाली, लावलाय, दोघांनी. मामाने बसवायला लावलेले पट्टे वासराला बरोबर पुरतात.

संध्याकाळी वासरू उभं राहिल्याचं केतकीने कळवलं, तेव्हा मी दादाला फोन करून पट्ट्यांचं सांगितलं.  मग त्याने वासराचा कुठला पाय मोडला होता ते विचारलं आणि ते आता उभं राहतं का, ते विचारलं. मी म्हटलं, राहतं.